गॅस कमी आहे

एसीवाले घरात शिरतात तेव्हा त्यांची एक चप्पल दाराबाहेर पडलेली असते, दुसरी अजून पायातच असते, आणि निदान मात्र झालेलं असतं. ‘गॅस कमी आहे.’ मग रीत म्हणून ते यंत्रासमोर तळहात धरतात, डोळे मिटतात, मान हलवतात आणि तेच वाक्य पुन्हा उच्चारतात. या खेपेला पुढे ‘मॅडम’ लावून. हे गृहस्थ कोण, ते वाचकांना सांगायला नको. ठाण्यापासून नागपूरपर्यंत लोकांच्या मोबाइलमध्ये ते ‘एसीवाला’ याच नावाने असतात, आणि त्यांच्या मोबाइलमध्ये आपण ‘बी विंग ७०२’ या नावाने. त्यांच्या पाटीवर कुठेतरी ‘कूल’ हा शब्द असतोच आणि पाटीखालच्या दुकानात टेबलफॅन घरघरत असतो. एसी थंड करत नाही? गॅस कमी. पाणी गळतंय? गॅस कमी. आवाज येतोय? गॅस कमी. रिमोट चालत नाही म्हटलं तर सेल बदलून देतात, पण संशय गॅसवरच असतो. पुढेपुढे हे वाक्य धंद्यातून संसारात उतरतं. पोराला गणितात बावन्न मार्क पडले, तर ‘डोकं आहे हो, गॅस कमी पडला’. सोसायटीच्या चेअरमनबद्दल विचाराल तर काही न बोलता दोन बोटांनी गेजची सुई खाली पडल्याची खूण करतात. थंडीत हेच गिझरची कामं घेतात, आणि विजेच्या गिझरमध्ये गॅस नसतो ही त्यांची हिवाळ्यातली सर्वांत मोठी व्यावसायिक अडचण असते.

यातली गंमत अशी की एसीतला गॅस सरतच नाही. स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा तो जळत नाही, की समईतल्या तेलासारखा उणा होत नाही. घरातल्या एसीत तो किलोभराच्या आसपास असतो, आणि आयुष्यभर बंद नळीतून त्याची वारी चालू असते: आतल्या कॉइलमध्ये उकळायचं, उकळताना खोलीतली उष्णता उचलायची, कॉम्प्रेसरने दाबलं की गॅलरीबाहेर जाऊन ते ओझं टाकायचं, पुन्हा द्रव होऊन आत यायचं. हल्लीच्या यंत्रांत आर-३२ हा गॅस असतो. तो मोकळ्या हवेत उणे ५२ अंशांच्या सुमारास उकळतो, म्हणून आपल्या मे महिन्यातली खोली त्याला चुलीसारखी वाटते. असा गॅस कमी झाला, तर त्याचा अर्थ एकच: नळी कुठेतरी फुटली आहे. जोडावरचा नट सैल असेल, तांब्याची नळी कशावर तरी घासून झिजली असेल, नाहीतर खाडीकाठची खारी हवा आणि नाल्याची वाफ यांनी कॉइलला सुईएवढी भोकं पाडली असतील. तेव्हा ‘गॅस कमी आहे’ हे निदान नव्हेच, ते लक्षण आहे. डॉक्टरने पेशंटला बघून ‘रक्त कमी आहे, एक बाटली चढवू, जखम कुठे आहे ते पुढच्या उन्हाळ्यात बघू’ असं म्हणावं, तसंच हे.

हे एसीवाल्यांना कळत नाही, असा पहिला आक्षेप येईल. आणि तो साफ चुकीचा आहे. यांच्यातले कितीतरी जण आयटीआयचा दोन वर्षांचा कोर्स करून आलेले असतात, आणि उरलेले उस्तादाच्या हाताखाली त्याहून अवघड कोर्स करून. गॅस जळत नाही हा तिथला पहिला धडा. बाहेरचं युनिट नुसतं हुंकार देऊन बंद पडतंय, हे त्यांना जिन्यातच ऐकू येतं, आणि कपॅसिटर गेलाय हे कळतं. आतल्या कॉइलवर बर्फ धरलाय, तर दोष जाळीवर साचलेल्या धुळीचाही असू शकतो, हे त्यांना माहीत असतं. वरच्या मजल्यावरची, पश्चिमेच्या भिंतीची खोली असली तर दहा बाय बारालाही दीड टन लागेल, हे ते न मोजता सांगतात. आणि हा टन वजनाचा नव्हे, हेही. बर्फाच्या लाद्यांच्या काळापासून चालत आलेलं ते माप आहे: अमेरिकी मापाचा एक टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता खेचून घेतो तेवढी, साडेतीन किलोवॉट. गिऱ्हाईक मात्र ‘दीड टनाचं भिंतीला झेपेल का?’ असं विचारतं, आणि एसीवाले गंभीर चेहऱ्याने भिंतीवर दोन टिचक्या मारून ‘झेपेल’ म्हणतात. एवढं सगळं समजणारा माणूस प्रत्येक दारात एकच वाक्य का म्हणतो, हा खरा प्रश्न आहे.

माझं उत्तर असं आहे की ते वाक्य त्यांनी शोधलेलं नाही, आपण त्यांच्या तोंडी घातलं आहे. समजा, कपॅसिटर गेलाय. एसीवाले आले, ऐकलं, झाकण उघडलं, डबीएवढा तो तुकडा बदलला, पाच मिनिटांत खोली गार. मग बिल सांगतात सातशे. आपला चेहरा तत्क्षणी बदलतो. ‘पाच मिनिटांचे सातशे? पार्ट तर दोनशेचा असेल!’ ती पाच मिनिटं वीस वर्षांची असतात, हे आपल्या हिशेबात बसत नाही. आता दुसरा प्रसंग घ्या. एसीवाले निळा-लाल पाइप लावतात, गेजची सुई थरथरते, पोरगं सिलिंडर उलटं धरून उभं राहतं, फुस्स आवाज येतो, नळीवर घाम फुटतो. अर्धा तास हा विधी चालतो, बिल होतं तीन हजार, आणि आपण ते देतो. वर चहाही देतो. कारण उघड आहे. पहिल्या वेळी आपल्याला अक्कल विकली गेली, दुसऱ्या वेळी माल. अकलेला पैसे देणं आपल्या जिवावर येतं, मालाला देणं रास्त वाटतं. वकिलाकडे आपण ‘नुसतं विचारायला’ जातो, डॉक्टर लग्नात भेटला की त्याला जीभ दाखवतो. एसीवाल्यांनी हे ओळखून आपली अक्कल वायुरूप केली आहे. गॅस ही त्यांची वस्तू नव्हे, ते त्यांचं चलन आहे. निदानाची फी ते त्या नाण्यात वसूल करतात.

यावर कुणी म्हणेल, हा सरळ फसवणुकीचा बचाव झाला. तसं नाही. गॅस पुरेसा असताना तो काढून पुन्हा भरल्याचं नाटक करणारे, सुई वाकडी दाखवणारे लोक या धंद्यात आहेत. त्यांना लबाड म्हणावं, व्यक्तिचित्र लिहू नये. इथे विषय आहे तो प्रामाणिक एसीवाल्यांचा, ज्यांचा गॅस खरोखरच कमी निघतो आणि तरीही जे भोक शोधत नाहीत. त्यांच्या विरुद्ध सर्वांत मोठा साक्षीदार या धंद्याचा मूळपुरुषच आहे. १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्याची तक्रार होती की रंगीत छपाईतले रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत. विलिस कॅरिअर हा तरुण इंजिनिअर शाईला दोष देऊन मोकळा झाला नाही. दोष हवेतल्या दमटपणाचा आहे, त्याने कागद फुगतो आणि आकसतो, हे ओळखून त्याने हवेतलं पाणी आवरणारी यंत्रणा आखली. आजचा एसी तिथे जन्मला, माणसांच्या सुखासाठी नव्हे, कागदाच्या. म्हणजे या धंद्याचा पायाच निदानावर आहे. मग आमच्या एसीवाल्यांनी तो का सोडावा?

कारण छापखान्याला थांबता येत होतं, बी विंग ७०२ला येत नाही. भोक शोधायचं तर यंत्रातला उरलेला गॅस काढून घ्यायचा, नायट्रोजन दाबून भरायचा, जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, भोक फारच बारीक असेल तर दाब रात्रभर टिकतो का ते पाहायचं, सापडलं की जोडायचं, व्हॅक्यूम पंपाने नळी कोरडी करायची, आणि मग काट्यावर तोलून गॅस भरायचा. शास्त्र हे असं आहे; आणि मे महिन्यात हे शास्त्र सांगितलं की समोरून येणारं उत्तर ठरलेलं असतं: ‘ते सगळं नंतर बघू हो, आज रात्रीपुरतं करा.’ घाई किती, ते रिमोट सांगतो. २०२० पासून नव्या एसीत कारखान्यातून २४ अंशांची मांडणी येते, आणि तो भिंतीवर चढला की पहिल्याच रात्री सोळावर उतरतो. जणू आकडा खाली ओढला की यंत्र घाबरून जोरात धावेल. आपल्याला दुरुस्ती नको असते, गारवा हवा असतो, आणि तो जेवणाआधी हवा असतो. अशा गिऱ्हाइकाला एसीवाले जे देतात, ते त्याच्या मागणीबरहुकूम असतं.

मात्र या व्यवहारात एक तिसरा पक्ष असतो, त्याला कुणी विचारत नाही. तो म्हणजे आकाश. जुन्या यंत्रांतला आर-२२ ओझोनच्या थराला मारक म्हणून १९८७च्या मॉन्ट्रिअल कराराच्या चौकटीत त्याला निरोप देणं चालू आहे. आर-३२ ओझोनला हात लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट उष्णता धरून ठेवतो. आर-२२चा हाच आकडा अठराशेच्या घरात जातो. दर उन्हाळ्यात भरलेला आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत निसटलेला किलोभर गॅस वर जाऊन बसतो, हवा आणखी तापवतो आणि पुढच्या वर्षी एसीवाल्यांना आणखी चार फोन आणून देतो. इतका पक्का वार्षिक करार दुसऱ्या कुठल्याही धंद्यात नसेल. इथे माझा बचाव संपतो. आकाशाच्या वतीने कुणीच ‘भोक शोधा’ म्हणत नाही, ना ते, ना आपण.

आणि तरीही त्यांच्यावर रागावता येत नाही, याचं कारण त्यांच्या धंद्यालाही असंच भोक आहे. फेब्रुवारीत ते चार पोरं भरतात. एकेका पोराला ग्रिलबाहेर हातभर छज्ज्यावर पाय टेकून, बाहेरच्या युनिटच्या गरम फुंकरीत उभं राहून नट आवळायला शिकवतात. मार्चमध्ये पोरगं पाना धरतं, एप्रिलमध्ये नळीला आग लावून जोड मारतं, मेमध्ये दिवसाला सात-आठ घरं करतं. जूनमध्ये पाऊस येतो, फोन थांबतात, पोरांना बसून पगार देणं झेपत नाही आणि पोरं निसटतात. एखादं गावी, एखादं दुसऱ्याकडे, एखादं स्वतःची पाटी लावून समोरच्याच गल्लीत. पुढच्या फेब्रुवारीत एसीवाले पुन्हा चार पोरं भरतात. भोक कुठे आहे हे त्यांना इथेही नेमकं कळतं: बारा महिन्यांचा खर्च तीन महिन्यांच्या उन्हाळ्यावर बेतलेला आहे. पण ते बुजवायला जी सवड आणि जो पैसा लागतो, तो हातात कधीच नसतो. ते तीन महिनेही हक्काचे नाहीत. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची नेहमीची तारीख ११ जून. २०२५ साली तो २६ मेलाच येऊन ठेपला. सगळा महाराष्ट्र ढगाकडे डोळे लावून बसतो आणि त्याला बघून सुखावतो. ढग दिसला की ज्यांच्या पोटात गोळा येतो, अशा मोजक्या मराठी माणसांत एसीवाले आहेत. ही नाराजी त्यांना उघड बोलूनही दाखवता येत नाही. गावाकडे भाऊ शेती करत असतो.

त्या रिकाम्या जूनमध्ये त्यांचा खरा चेहरा दिसतो. समोरच्या गल्लीतलं ते निसटलेलं पोरगं कुठल्यातरी घरात अडकलेलं असतं. ते गॅलरीत येऊन दबक्या आवाजात फोन लावतं, ‘उस्ताद, मशीन ट्रिप मारतंय.’ हा प्रतिस्पर्धी, यानेच बी विंगमधली सहा घरं पळवलेली. एसीवाले टेबलफॅन बंद करतात, कारण घरघरीत ऐकू येत नाही. ‘फोन युनिटला लाव,’ म्हणतात. डोळे मिटून ऐकतात. या वेळी मान हलवत नाहीत. मग विचारतात, अँपिअर किती दाखवतोय, पंखा फिरतोय का, कॉइल शेवटची कधी धुतली होती. आणि सांगतात, ‘मागची बाजू धुळीने गच्च झाली असेल. आधी नीट धू, मग बोल.’ याचं बिल नसतं, म्हणून याला मालाचं सोंगही लागत नाही. त्या पोराला ते कधीच सांगत नाहीत की गॅस कमी आहे.