कॉकपिटमधली जादा खुर्ची

एसटीत ड्रायव्हरशेजारी बॉनेटवर बसायचा मान कोणाचा, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं: ज्याची ओळख, त्याचा. विमानात हा रिवाज चालत नाही, हे काही वैमानिकांना अजून पटलेलं दिसत नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये दुबईहून दिल्लीला येणाऱ्या एअर इंडियाच्या विमानात कॅप्टनसाहेबांनी मैत्रिणीला थेट कॉकपिटमध्ये बोलावलं. तक्रार केली ती त्यांच्याच केबिन क्रूने. विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएने कंपनीला 30 लाखांचा दंड ठोठावला, साहेबांचा परवाना 3 महिने निलंबित. दंडाची शाई वाळते न वाळते तोच जूनमध्ये दिल्ली-लेह विमानात तोच पाहुणचार! आता पुढच्या खिडकीतून हिमालय झकास दिसत असणार, हे कबूल.

11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर कॉकपिटचं दार गोळीलाही दाद देणार नाही असं भक्कम केलं, कुलूप आतून. बाहेरच्या दहशतवाद्याचा बंदोबस्त झाला; आतल्या प्रेमळ यजमानाचा राहिला. 1994 मध्ये रशियाच्या एअरोफ्लोट कंपनीच्या वैमानिकाने 15 वर्षांच्या मुलाला चक्क आपल्या खुर्चीत बसवलं. पोराच्या हातून ऑटोपायलट अर्धवट सुटला आणि सायबेरियात 75 जण गेले.

इकडे सुरक्षा तपासणीत आपण पट्टा काढून, विजार सावरत, शाम्पूच्या बाटलीचा खुलासा देत उभे. कॉकपिटमधली जादा खुर्ची मुळात तपासनिसासाठी असते म्हणे. पण तो बिचारा आगाऊ मेसेज करून येत नाही ना!