टिंग!

मारिओ प्लंबर होता, हे आमच्या पिढीला फार उशिरा कळलं. १९८५ सालचा तो गेम आम्ही पुढे कितीतरी वर्षांनी, नकली डब्यावर, कॅसेटला फुंकर मारमारून खेळलो. त्या मिशीवाल्याने पाइपांत उड्या मारल्या, कासवं तुडवली, राजकन्या सोडवली. पण एखादा वॉशर बदलताना काही तो कधी दिसला नाही. प्लंबरने पराक्रम गाजवायचा, असा तेव्हाचा रिवाज होता. आता उलटं झालंय. पराक्रमी पुरुष घरकामाला लागलेत.

खोटं वाटत असेल तर ‘द विचर ३’ बघा. २०१५ साली पोलंडमध्ये बनलेला, गाजलेला गेम. नायक गेराल्ट. पाठीवर दोन तलवारी, त्यातली एक खास राक्षसांसाठी, चांदीची. लेकीसारखी वाढवलेली मुलगी बेपत्ता, तिच्या मागावर भुताटकीचं सैन्य. अशा घाईत एका खेड्यात त्याला म्हातारी गाठते. तिचा तवा शेजारच्या बंद झोपडीत अडकलाय, तेवढा आणून देतोस का बाबा? गेराल्ट जातो, दार फोडतो, तवा आणून देतो. मीही दिला. मुलीचं काय व्हायचं ते होवो, म्हातारीचा खोळंबा नको.

इकडे आमच्या कुकरची रिंग गेलीय. ‘नमुन्याला ही जुनी घेऊन जा, नाहीतर भलत्याच मापाची आणशील,’ असं बजावून बायकोने ती माझ्या ऑफिसच्या बॅगेत टाकली, त्याला तीन आठवडे झाले. रिंग रोज माझ्याबरोबर हिंजवडीला जाते आणि परत येते. भांड्यांचं दुकान वाटेतच आहे. पण तिथे दार फोडायचं नसतं, पैसे देऊन रिंग घ्यायची असते. त्यात कसलं आलंय शौर्य?

मग शेती आली. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा गेम एरिक बॅरोन नावाच्या माणसाने एकट्याने चार वर्षांहून जास्त खपून केला आणि २०१६ साली बाजारात आणला. सुरुवातीला आजोबा अंथरुणावरून एक बंद पाकीट देतात. पुढे नोकरीला विटल्यावर ते उघडायचं, आत आजोबांची शेतजमीन. बस, झाली तुमची! वारस नोंद नाही, तलाठी नाही, चुलत्यांच्या सह्या नाहीत, ‘तुझ्या बापाने तेव्हाच हिस्सा घेतलाय’ म्हणणारी आत्या नाही. उलट सरपंचच स्वागताला हजर, वर पार्सनिपच्या पंधरा बिया भेट. पार्सनिप म्हणजे गाजराचं फिकुटलेलं भावंड. चार दिवसांत काढणीला येतं आणि विकलं की पस्तीस नाणी मिळतात. भाव पडत नाही, व्यापारी नाडत नाही. कृषिमंत्र्यांनी हा गेम एकदा जरूर खेळावा, बरं वाटेल.

माझ्या आजोबांचीही पुरंदर तालुक्यात सव्वा एकर आहे. सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत, त्यातलं नववं माझं. तिकडे मी शेवटचा कधी गेलो होतो, ते आईला विचारावं लागेल. पार्सनिपला मात्र रोज सकाळी सहाला उठून पाणी घालतो. सहा गेममधले, घरच्या घड्याळात तेव्हा रात्रीचा एक वाजलेला असतो. त्या गेममध्ये रात्री दोनपर्यंत जागलं तर माणूस चक्कर येऊन पडतो. खेळणाऱ्याची अशी सोय केलेली नाही. आणि गॅलरीतल्या तुळशीचं म्हणाल तर ती आईच्या भरवशावर आहे.

ट्रकचं थोडक्यात सांगतो. प्रागच्या एका कंपनीचा २०१२ सालचा ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ आहे, त्यात माल लादून युरोपभर हिंडायचं. मध्यरात्री, चौकात काळं कुत्रं नसताना, मी जर्मनीतल्या लाल दिव्याला थांबून राहतो. दंड बसतो ना! बायकोने हे एकदा मागे उभं राहून पाहिलं. त्याच संध्याकाळी स्वारगेटच्या सिग्नलला ती माझ्या मागे स्कूटरवर होती. ती काहीच बोलली नाही, फक्त उतरून रिक्षाने घरी गेली.

पण कळस झाला तो ‘पॉवरवॉश सिम्युलेटर’ने. हा ब्रिटिश गेम. यात शत्रू नाही, गोष्ट असून नसल्यासारखी. हातात पाण्याचा फवारा आणि समोर घाण. धुवायचं. बाग धुवायची, घसरगुंडी धुवायची. पहिल्याच कामात एक चिखलाने बरबटलेली व्हॅन येते. एकेक भाग साफ झाला की तो चमकतो आणि कानात आवाज येतो: टिंग! काय सांगू त्या टिंगचं सुख! वीस वर्षं नोकरी केली, अप्रेझलला असं कधी वाटलं नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनीही या गेमचा अभ्यास केला आणि खेळणाऱ्यांचं मन थोडं प्रसन्न होतं असं त्यांना आढळलं. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या मनाचा अभ्यास कोणी केल्याचं मात्र माझ्या कानावर नाही.

गेल्या रविवारी बायको चहा घेऊन आली आणि स्क्रीनसमोर थबकली.

‘काय धुतोयस?’

‘व्हॅन.’

‘कोणाची?’

‘माझीच. धंद्याची आहे.’

‘आपली गाडी कधी धुतली होतीस?’

‘तिला माणूस लावलाय ना.’

‘आणि हे धुवायचे तुला किती मिळतात?’

इथे मी चूक केली. खरं बोललो. म्हटलं, ‘मिळत नाहीत, मीच दिले. सेलमध्ये होता.’

चहा तिथेच राहिला. दुसऱ्या मिनिटाला माझ्या हातात कंट्रोलरऐवजी घासणी होती आणि समोर गॅलरी. आमच्या गॅलरीच्या जाळीवर कबुतरांची तीन पिढ्यांची वस्ती आहे. ती घाण पाण्याने जात नाही. आधी भिजवायची, मग पत्र्याच्या तुकड्याने खरवडायची, मग नाकाला रुमाल बांधून घासायची. गेममध्ये एक बटण दाबलं की राहिलेली घाण उजळून दिसते. इथे ते काम आई करते. ‘अरे, त्या कोपऱ्यात राहिलंय. नाही, पलीकडच्या. चष्मा लाव.’

दीड तासाने जाळी लखलखली. मी कंबरेवर हात ठेवून उभा राहिलो. कबुतर सोडून कोणी दखल घेईना.

‘आता काय झालं?’ बायकोने विचारलं.

‘टिंग नाही झालं,’ मी म्हणालो.

आई आत गेली, देवघरातली घंटी घेऊन आली आणि माझ्या कानाशी धरून वाजवली. मग म्हणाली, ‘आता ट्रॉल्या काढ.’

जेवताना मीच ठराव मांडला. घंटी डायनिंग टेबलावर ठेवायची, घरात ज्याचं काम पुरं होईल त्याच्यासाठी वाजवायची, आणि वाजवणार मी. प्रोत्साहन असतं हो! दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकमताने मंजुरी दिली. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

सोमवारी सकाळी सहाला आईने दूध तापवलं. टिंग. तुळशीला पाणी, टिंग. बायकोने कणीक मळली, टिंग. डबे भरले, तीन टिंग. मुलाचा हरवलेला मोजा सोफ्याखाली सापडला, टिंग. वॉशिंग मशीन लावलं, कालचे कपडे घडी केले, गॅसवाल्याला फोन केला, ओटा पुसला. रिंगशिवाय कुकर वाफ सोडत होता. तिने झाकणाला कणकेची वळी लावून शिटी काढली, तेव्हा तर मी उत्साहाने दोनदा वाजवली. पावणेआठला मनगट भरून आलं. दाढी व्हायची होती. आठ वाजता समोरच्या बिऱ्हाडातले काका प्रसाद घ्यायला दारात उभे राहिले.

घंटी पुन्हा देवघरात गेली आहे. रिंग बॅगेतच आहे. आणि मी आहे तो त्या व्हॅनपाशी. मागचं उजवं चाक तेवढं राहिलंय.