पन्नास केबीची शिस्त

ऑनलाइन अर्ज भरणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो काटकसरीचा. फोटो २० ते ५० केबीच्या आत, सही १० ते २० केबीच्या आत, शाई काळी, कागद पांढरा. फोटो ५१ केबीचा निघाला म्हणून कोणी अपात्र ठरत नाही. फक्त पान पुढे सरकत नाही, म्हणजे तेच. आणि ही शिस्त शिकवणारं पान स्वतः कसं असतं? माथ्यावर फिरती चित्रं, त्याखाली सरकणारी ठळक अक्षरं, बाजूला मान्यवरांचे हसरे फोटो (त्यांना केबीची मर्यादा नाही), कोपऱ्यात ‘मी आपली काय मदत करू?’ असं विचारून काहीच मदत न करणारा चॅटबॉट. बुवांनी कीर्तनात उपासाचं माहात्म्य सांगावं आणि उतरल्यावर बासुंदीच्या पातेल्याशी बसावं, तसा हा प्रकार.

पानांचं हे वजन वेबच्या जन्मापासूनचं नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून पहिलं संकेतस्थळ जगापुढे ठेवलं, तेव्हा त्यात मजकूर होता आणि दुवे होते. सर्नने त्याची जुनी प्रत मूळ पत्त्यावर पुन्हा ठेवली आहे. ती आजच्या फोनवरही पातं लवायच्या आत उघडते. १९९३ सालच्या ‘डूम’ या खेळाची मोफत वाटलेली आवृत्ती, राक्षस आणि बंदुकांसकट, दाबून बांधल्यावर अडीच एमबीच्या आत बसत होती. २०१६च्या सुमाराला सरासरी वेबपानानं तेवढंच वजन गाठलं. फरक एवढाच की त्या पानात राक्षस नसतात. असतात ती मोठाली चित्रं, स्क्रिप्टची भेंडोळी, आणि वाचकानं कुठे बोट ठेवलं, किती वेळ ठेवलं याची टिपणं घेणाऱ्यांचं वऱ्हाड. वाचक एकटा येतो. स्वागताला ही सगळी मंडळी दारात उभी.

यावर जाणकारांचं उत्तर तयार असतं: कामच गुंतागुंतीचं आहे, पान साधं कसं होणार? आक्षेप बिनबुडाचा नाही. संगणकशास्त्रज्ञ लॅरी टेस्लर यांचं म्हणणंच होतं की कुठल्याही कामातली काही गुंतागुंत नाहीशी करता येत नाही; प्रश्न उरतो तो ती कोणी सोसायची एवढाच. आपल्याकडे या प्रश्नाचा निकाल फार पूर्वी लागला आहे: समोरच्यानं. खिडकीपलीकडचा कारकून जे रकाने भरायचा ते आता अर्जदार भरतो, कागद तोच तपासतो, स्कॅन तोच करतो, आणि ‘सर्व्हर व्यस्त आहे’ हे ‘साहेब जेवायला गेलेत’चं सुधारित रूपही निमूट वाचतो. जन्मतारीख लिहू द्यायची नाही, दिनदर्शिका उघडायची आणि ६५ वर्षांच्या माणसाला चालू महिन्यापासून एकेक महिना मागं चालवत न्यायचं, हा तर तीर्थयात्रेचाच प्रकार. टेस्लर यांची दुसरी ओळख म्हणजे कट-कॉपी-पेस्टचे एक जनक. खाते क्रमांक दोनदा टाइप करायला लावून ‘येथे पेस्ट करता येणार नाही’ असं बजावणाऱ्या रकान्यांनी त्यांना वाहिलेली ही आदरांजलीच समजावी.

उलट उदाहरण शोधायला लांब जायला नको. कोथिंबिरीच्या गाडीला चिकटवलेला क्यूआर पाहा. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमागे दोन्हीकडच्या बँका, त्यांना जोडणारी राष्ट्रीय यंत्रणा आणि हरेक ॲपचे हिशेब आहेत. पैशांचा व्यवहार म्हणजे जात प्रमाणपत्राच्या अर्जापेक्षा सोपं काम नव्हे. पण भाजीवालीपुढे आणि गिऱ्हाइकापुढे येतं ते रक्कम आणि पिन एवढंच. २०२२ साली साध्या बटणांच्या फोनवरही त्याची सोय झाली. ओझं यंत्रणेनं उचललं, कारण उचलायचं ठरवलं.

दुसरा बचाव सुरक्षिततेचा. पासवर्डात एक मोठं अक्षर, एक अंक, एक चिन्ह हवं आणि तो ठरावीक दिवसांनी बदलायला हवा, हा दंडक अमेरिकेच्या मानक संस्थेच्या २००३च्या मार्गदर्शिकेतून जगभर पसरला. ती लिहिणारे बिल बर यांनी २०१७ साली त्यातल्या बऱ्याच गोष्टींबद्दल खेद व्यक्त केला आणि त्याच वर्षी संस्थेनंही सल्ला बदलला: लांब पासवर्ड चालेल, उगाच बदलायला लावू नका. शास्त्र बदललं, रकाना तसाच आहे. परिणामी पासवर्ड भिंतीवरच्या कालनिर्णयावर सुरक्षित आहे. मग यंत्राला आपण माणूस असल्याचं पटवायचं, तेही चित्रांतले फायर हायड्रंट ओळखून. रस्त्याच्या कडेचा तो बुटका नळखांब अमेरिकेत कोपऱ्याकोपऱ्यावर असेल. गेवराईच्या माणसानं माणूसपण सिद्ध करायला तो कुठे पाहावा?

राहता राहिला शोभेचा मुद्दा: साधं पान दरिद्री दिसतं म्हणे. ब्रिटिश सरकारच्या गव्ह डॉट यूके या संकेतस्थळावर ना फिरतं चित्र, ना मंत्र्याचा फोटो मिरवण्याची हौस. त्याला २०१३ साली लंडनच्या डिझाइन म्युझियमचा वर्षातल्या सर्वोत्तम डिझाइनचा पुरस्कार मिळाला. खरी अडचण सौंदर्याची नाही, बिलाची आहे. काढून टाकलेल्या गोष्टीची निविदा निघत नाही. शिवाय उद्घाटनाला कळ दाबल्यावर पडद्यावर काहीतरी हलायला नको का?

आणि कंपन्यांना साधेपणा जमत नाही असं म्हणणं हा तर त्यांच्यावर अन्याय. खरेदीचं बटण एकच असतं, हिरवंगार, अंगठ्याखाली येणारं. सभासदत्व रद्द करायला निघालात की मात्र पाच पडदे, शेवटी ‘नको, मला बचत करायची नाही’ असं स्वतःच्या तोंडून वदवून घेणारं फिकट अक्षर. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३च्या नोव्हेंबरात अशा १३ फसव्या युक्त्यांची यादीच प्रसिद्ध केली. म्हणजे कौशल्य भरपूर आहे. ते आत येणाऱ्यासाठी राखीव आहे, बाहेर पडणाऱ्यासाठी नाही.

तूर्त तालुक्याच्या बाजारपेठेत, झेरॉक्सच्या दुकानाबाहेर, ‘सर्व ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’खाली नवी ओळ रंगवलेली असते: ‘फोटो ५० केबीत करून मिळेल’. घरबसल्या भरायच्या अर्जासाठी तिथे सकाळपासून रांग लागते. दुकानदार फोटो कातरतो, सही आवळतो, सर्व्हर पडला की चहा सांगतो. दुपारपर्यंत अर्ज जातो. त्याची मजुरी क्यूआरवरून तीन सेकंदांत जाते.