परक्या लेन्सचे सोवळे

मिररलेस कॅमेरा म्हणजे ज्याच्या पोटातील आरसा काढून टाकलेला आहे असा कॅमेरा. आरसा गेल्याने लेन्स सेन्सरच्या अगदी जवळ आणता येते, त्यामुळे कॅमेरा सडपातळ होतो, आणि काही महिन्यांत त्याच्या मालकाच्या बँकखात्याचीही प्रकृती तशीच होते. बॉडीच्याच कंपनीची चांगली लेन्स घ्यावी तर तिची किंमत अनेकदा बॉडीलाही मागे टाकते, म्हणून ग्राहकाची नजर साहजिकच सिग्मा, टॅमरॉन, व्हिलट्रॉक्स अशा बाहेरच्या घराण्यांकडे वळते, आणि तेथूनच सोवळ्याओवळ्याचा प्रश्न सुरू होतो.

या सोवळ्याचे मुख्य स्थान माउंट होय. लेन्स ज्यात फिरवून अडकवतात ते हे धातूचे कडे दिसायला साधे असले, तरी त्याच्या आत सोनेरी पिनांची एक रांग असते, आणि फोकस किती सरकवावा, ॲपर्चर म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र किती उघडावे, याची बॉडी व लेन्स यांच्यातील बोलणी त्या पिनांतूनच अखंड चालू असतात. शिवाय माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर, ज्याला फ्लँज अंतर म्हणतात, प्रत्येक घराण्याने आपापल्या मर्जीने ठरवलेले आहे. सोनीच्या ई माउंटचे ते 18 मिलिमीटर आणि निकॉनच्या झेड माउंटचे 16 मिलिमीटर असल्यामुळे सोनीची लेन्स निकॉनवर बसवण्यासाठी जेमतेम 2 मिलिमीटर जागा उरते. तेवढ्यातही ऑटोफोकससह चालणारे अडॅप्टर बनवणारे महाभाग निघाले. उलट दिशेने, म्हणजे निकॉनची लेन्स सोनीवर बसवून दूरचा डोंगर स्पष्ट टिपायचा असेल, तर उणे 2 मिलिमीटर जाडीचा अडॅप्टर लागेल, आणि तो अद्याप कोणत्याही दुकानात आलेला नाही.

तथापि जुळणीचा खरा निकाल काचेवर किंवा मिलिमीटरांवर लागत नाही, तो परवानगीवर लागतो. सोनीने 2011 मध्ये ई माउंटची मूलभूत माहिती इतर उत्पादकांना विनाशुल्क देऊ केली (टॅमरॉनमध्ये सोनीची भागीदारी आहे, हेही येथे लक्षात ठेवावे) आणि त्या घरात परक्या लेन्सांची पंगत बसली. कॅननने 2018 मध्ये आणलेल्या आरएफ माउंटचे सोवळे मात्र इतके कडक होते की ऑटोफोकस असलेल्या व्हिलट्रॉक्सच्या लेन्सांना 2022 मध्ये पेटंटचे कारण दाखवून बाहेरचा रस्ता दाखवण्यात आला. 2024 च्या एप्रिलमध्ये सिग्मा व टॅमरॉन यांना रीतसर प्रवेश मिळाला, तोही लहान सेन्सरसाठी बनवलेल्या लेन्सांपुरता.

प्रवेश मिळाला तरी पाट वेगळा मांडला जातो. सोनीच्या ए1 या कॅमेऱ्यावर घरची योग्य लेन्स असेल तर सेकंदाला 30 छायाचित्रे निघतात, बाहेरची असेल तर 15. भिगवणच्या पाणवठ्यावरील रोहित पक्ष्याला हा नियम कोणी कळवलेला नसल्याने तो दोन्ही लेन्सांसमोर सारख्याच वेगाने पंख हलवतो. अर्थात, उरलेली 15 छायाचित्रे घरी येऊन खोडावीच लागतात हे ध्यानात घेता, ही शिक्षा की सोय, याविषयी मतभेदाला जागा आहे.

या शास्त्रातील सर्वांत रोचक प्रकरण मात्र निकॉनचे आहे. टॅमरॉनने 2018 मध्ये सोनीसाठी 28-75 मिलिमीटरची, एफ 2.8 ॲपर्चरची झूम लेन्स काढली. तिच्यात 12 गटांत 15 काचा. निकॉनने 2021 च्या अखेरीस आपल्या नावाने त्याच पल्ल्याची व त्याच ॲपर्चरची लेन्स जाहीर केली. तिच्यातही 12 गटांत 15 काचा. वजनात 15 ग्रॅमचा फरक आहे, आणि तो सोवळ्याचा असावा असे मानण्यास हरकत नाही. परकी लेन्स डब्यावर छापलेल्या पिवळ्या पट्टीने शुद्ध होते एवढेच यावरून कळते, आणि जो ग्राहक काल टॅमरॉनकडे पाहून नाक मुरडत होता तोच आज हीच काच ‘ओरिजिनल’ म्हणून मिरवतो.

तेव्हा दुकानात गेल्यावर विक्रेत्याच्या ‘फिट बसते’ या दोन शब्दांवर विसंबू नये. बसणे आणि चालणे यांत बरेच अंतर असते. स्वतःचीच बॉडी सोबत नेऊन तिच्यावर लेन्स चढवावी, अंधाऱ्या कोपऱ्यातील चेहऱ्यावर फोकस धरतो की पुढेमागे घुटमळत राहतो ते पाहावे, आणि फर्मवेअर, म्हणजे लेन्सच्या पोटातील आज्ञावली, पुढे कशी बदलायची ते विचारून घ्यावे, कारण बॉडीच्या आज्ञावलीत उद्या बदल झाला की दोघांची बोलणी फिसकटू शकतात.

फिल्टरच्या आट्यांचा व्यास मात्र निर्धास्त मनाने पाहावा. वरील टॅमरॉन आणि वरील निकॉन यांचा तो 67 मिलिमीटरच आहे, त्यामुळे एकीचे टोपण हरवल्यास दुसरीचे तिला लागते, आणि या देवाणघेवाणीला कोणत्याही घराण्याने अजून पेटंट लावलेले नाही.