तुटक रेघेचे गृहस्थ

मोटार या वस्तूवर गृहस्थांचा राग आहे. तसा तो बऱ्याच जणांचा असतो, पण यांचा हिशेबी आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सायकलवरून जाताना वाटेत किती मोटारी दिसल्या, त्यावर दिवसाची प्रत ठरते. एकही नाही म्हणजे उत्तम. एक म्हणजे चालेल. तीन झाल्या की रात्री जेवताना घरात कोणी बोलत नाही. पोस्टाची पिवळी व्हॅन मोजायची की नाही, यावर त्यांचा आणि त्यांच्या घरच्या बाईंचा जुना वाद आहे. बाईंचं म्हणणं, पोस्टमन बिचारा नोकरी करतोय, त्याला सूट द्या. गृहस्थ ती अर्धी मोजतात.

बरं, फ्रान्समधल्या दिजॉंहून मॉरव्हांच्या जंगलाकडे यांच्या सायकली कशा जातात? मोटारीच्या टपावर. ही मोटार हिशेबात धरत नाहीत.

गृहस्थ निवृत्त आहेत. पोटऱ्या पाहिल्या तर पेन्शन इतक्या लवकर कशी सुरू झाली असं वाटावं. फ्रान्सच्या कुठल्याही खेडेगावात उन्हाळ्यात हा नमुना भेटतो. तो कधी फ्रेंच असतो, कधी डच, कधी लिमूझांत घर घेऊन राहिलेला इंग्रज. भाषा बदलते, बाकी सगळं तेच: जाड टायर, दांड्याला बांधलेली पिशवी, चेहऱ्यावर वाळलेला चिखल आणि डांबराबद्दलचा तुच्छभाव. सायकल उभी केली की आधी अंगठ्याने टायर दाबून बघणार, मग तुम्हाला दाबायला लावणार. "किती वाटतं?" तुम्ही काहीही सांगा, ते चूकच असतं. योग्य हवा एक पूर्णांक आठ बार. खडी ओली असेल तर एक पूर्णांक सात. त्यापुढे टायरमध्ये ओतायच्या त्या पांढऱ्या चिकाचा विषय निघतो. तो निघण्यापूर्वी जो निसटला तो वाचला.

खरी सायकल मात्र हिवाळ्यात चालते, तीही जेवणाच्या टेबलावर. फ्रान्सच्या राष्ट्रीय नकाशा संस्थेचे पंचवीस हजारी नकाशे असतात. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीचशे मीटर, त्यामुळे शेतातलं खोपटंसुद्धा दिसतं. रंगीत जाड पट्टा म्हणजे रस्ता, म्हणजे शत्रू. बारीक अखंड रेघ म्हणजे शेतात जाणारी गाडीवाट. तुटक रेघ म्हणजे पायवाट, आणि गृहस्थांचा जीव या तुटक रेघेत. भिंग घेऊन ते एकेक तुकडा दुसऱ्याला जोडत बसतात. मग विमानातून काढलेले फोटो येतात. आजचा आणि 1950 च्या सुमाराचा असे दोन्ही शेजारी ठेवता येतात, तशी सोय त्या संस्थेनेच केली आहे. एवढ्याने समाधान झालं नाही तर अठराव्या शतकातला कॅसिनी घराण्याचा नकाशा. "इथून वाट होती," ते बाईंना सांगतात, "सोळाव्या लुईच्या काळात." बाई विचारतात, "आणि आता?"

मे महिन्यात उत्तर मिळतं. आता तिथे ब्लॅकबेरीच्या जाळ्या असतात.

मला वाटायचं, मोटार नको तर सरळ हिरव्या मार्गाने जावं. बहुतेकदा बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवर केलेले हे रस्ते फक्त सायकलवाले, पायी चालणारे आणि घोडेस्वार यांच्यासाठी असतात. देशातला पहिला याच भागातला, जीव्री ते क्लुनी, 1997 सालचा. अशा मार्गांमागे मोठी गोष्ट आहे. 1879 मध्ये फ्रेसिने नावाच्या मंत्र्याने आडगावापर्यंत रेल्वे न्यायची योजना आणली. रूळ पडले, छोटी छोटी स्टेशनं झाली. पुढे बस आली, मोटार आली, आणि रूळ एकेक करून उखडले. मोटारीनेच हा मोटारमुक्त मार्ग मोकळा करून दिला म्हणायचा. हे मी गृहस्थांना ऐकवलं. ते म्हणाले, "तिथे डांबर आहे. शिवाय बाबागाड्या असतात." बाबागाडीलाही चार चाकं असतात, हा मुद्दा त्यांनी गंभीरपणे मांडला.

तर जाळ्या. मी अधूनमधून त्यांच्या मागे जातो, त्यामुळे हे दृश्य मला पाठ आहे. वाट दोन कुंपणांमधून छान आत शिरते. खाली चुनखडीची पांढरी खडी, दोन्ही बाजूंना हेझलची झाडं, पलीकडे शारोले जातीच्या पांढऱ्या गाई माना वर करून बघतायत. अर्ध्या किलोमीटरवर खडी संपून गवत लागतं, गवत संपून चिखल. मग एक विजेची तार, आणि तारेपलीकडे नांगरलेलं शेत. गृहस्थ उतरतात, वाट दाखवणाऱ्या यंत्रात बघतात, शेताकडे बघतात. तेवढ्यात ट्रॅक्टर येतो.

"इथून जाता येत नाही, मस्यू."

"नकाशात आहे."

"असेल. नकाशा तुमच्याकडे आहे, शेत माझ्याकडे आहे."

यात शेतकऱ्याची बाजू अगदीच लंगडी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारनेच तुकड्यातुकड्यांची शेतं एकत्र केली, कुंपणं काढली, आणि त्यात कितीतरी वाटा गेल्या. उरलेली गाववाट कायद्याने गावाची खरी, पण गावाच्या खासगी मालमत्तेत मोडते. कोणी ती तीस वर्षं राजरोस मालकासारखी वहिवाटली आणि कोणी हरकत घेतली नाही, तर ती त्याची होऊ शकते. हे ऐकताना मला परकं वाटलं नाही. आमच्या साताऱ्याकडे पाणंद अशीच जाते, दरवर्षी नांगराचा एक तास आत. फरक एवढाच की आमच्याकडे दोन भाऊ तहसीलदारापुढे उभे राहतात. इथे ज्याचं त्या गावात काडीचंही नाही, असा सायकलवाला चिखलात उभा राहून गावाच्या हक्कासाठी भांडतो.

भांडणानंतर भूक लागते. आणि इथे गृहस्थांची खरी पंचाईत होते. खेड्यात बेकरीला बरेचदा सोमवारी सुट्टी असते. इतर दिवशी बारा ते दोन-अडीच बंद. अनेक गावांत ती आता कायमचीच बंद आहे, दाराशी पावाचं यंत्र उभं असतं, नाणी टाकली की लांब पाव बाहेर येतो. यंत्रापुढे उभं राहून गृहस्थ हळहळतात, "गावात जीव राहिला नाही." अहो, गावात जीव असता तर शाळेची बस असती, पाव न्यायला आलेल्या मोटारी असत्या, दुधाची गाडी असती. तुम्ही सबंध हिवाळा भिंग घेऊन जे शोधलंत, ते हेच ना? हे मी बोलत नाही, कारण पाव त्यांच्याकडे असतो.

पाणी मात्र नक्की मिळतं. गावात काहीही बंद पडो, दफनभूमीतला नळ बहुधा चालू असतो, कबरीवरच्या फुलांसाठी. अनुभवी सायकलवाले तिथेच बाटल्या भरतात. गृहस्थ बाटली भरता भरता टोपी काढतात आणि आपल्या दैवताची आठवण काढतात. सॅंत-एतियेनचा पॉल द व्हिव्ही, टोपणनाव व्हेलोसिओ, 1853 ते 1930. सायकलवरून देश हिंडायचा फ्रान्सला नाद लावला तो याने, गिअर बदलायचा पुरस्कार केला तोही याने, वर शाकाहारी. मी शाकाहारी असल्याने ही माहिती मला दर वेळी नव्याने मिळते. टूर द फ्रान्सच्या साहेबांनी 1937 पर्यंत गिअर बदलणारं यंत्र शर्यतीत वर्ज्य ठेवलं होतं. गृहस्थ ते अशा आवाजात सांगतात की वाटावं, नोटीस त्यांच्याच घरी आली होती.

गेल्या शरद ऋतूत त्यांनी एका गावाच्या मेरीला, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीला, रीतसर पत्र लिहिलं. सोबत कॅसिनीचा नकाशा, विमानाचे दोन फोटो आणि जाळीने फाटलेल्या बाहीचं एक छायाचित्र. अमुक गाववाट अडवली गेली आहे, ती मोकळी करावी. आश्चर्य म्हणजे मेयरबाईंनी मनावर घेतलं. तार मागे सरकली, जाळ्या कापल्या, वर दोन ट्रॉल्या खडी पडली. गृहस्थ आनंदाने मला घेऊन गेले.

वाट खरोखर सुरेख झाली होती. चढावर समोरून शिकाऱ्यांची जीप आली, नारिंगी जाकिटं घातलेली माणसं, मागे पिंजऱ्यात कुत्री. पाठोपाठ दुसरी. मग दोन मोटारसायकली. गाववाटेवर मनाई केली नसेल तर वाहनाला बंदी नसते, हे कायद्याचं कलम गृहस्थांच्या वाचनातून सुटलं होतं. एका जीपवाल्याने काच खाली करून मनापासून सांगितलं, "वाट कोणीतरी मोकळी करून घेतली म्हणे. फार बरं झालं, आधी पार मोठ्या रस्त्याने फिरून यावं लागायचं."

दुसरं पत्र गेलं आहे. मेरी मंगळवारी दोन ते चार उघडी असते. मेयरबाईंनी भेटायला बोलावलं आहे, आणि येताना जरा मोटार आणा म्हणाल्या, वाटेवर बसवायची फाटकं शेजारच्या गावाहून उचलून आणायची आहेत.