दर्शनी अण्णा

सरकारी कचेरीत लोक कामासाठी जातात, अण्णा भिंत बघायला जातात. सातबाऱ्याच्या रांगेत सगळ्यांची तोंडं खिडकीकडं असतात, अण्णांची मात्र खिडकीकडं पाठ. समोरच्या भिंतीवर विती टाकत ते पुटपुटतात, “सहा बाय चार आरामात बसतंय.” तोवर नंबर जातो. सातबारा राहतो, पण अर्ज दिला जातो : ‘विषय – दर्शनी भागात स्थानिक कला लावणेबाबत.’ त्यावरूनच धर्मापुरीत त्यांना दर्शनी अण्णा म्हणतात.

दोष गावाचाच म्हणायचा. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं केदारेश्वराचं देऊळ लहानपणापासून डोळ्यांपुढं. बाहेरच्या भिंतींवर देव आणि सुरसुंदरी अशा उभ्या, की नजर टेकवायला कोरा दगड सापडू नये. “आठ-नऊशे वर्षांमागं लोकांनी भिंत मोकळी सोडली नाही,” अण्णा म्हणतात, “अन् हे बांधकाम खातं नुसता क्रीम कलर मारून मोकळं!”

मध्ये एका कचेरीच्या कंपाउंडवर वारली चित्रं आली. अण्णा खवळले. वारलीशी त्यांचं वैर नाही; जिव्या सोमा म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली हे गावाला त्यांनीच सांगितलं. “पण ती कला डहाणूकडची. आपल्याकडं तारपा कोण वाजवतंय? हलगी काढा की! तांड्यावरचं बंजारा भरतकाम लावा, आपली वाकळ लावा!”

तालुक्याच्या साहेबांना त्यांनी थेट अमेरिका ऐकवली. मंदीच्या काळात, १९३४ पासून, तिथल्या सरकारनं चित्रकारांना पैसे देऊन टपाल कचेऱ्यांच्या भिंती रंगवून घेतल्या. त्या त्या गावचं जगणं भिंतीवर आलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “मंदी आली की बघू.”

तरी एकदा अर्जाला फळ आलं. दर्शनी भागात सुरसुंदरी लागली, पण फ्लेक्सवर. वर नेते, बाजूला कार्यकर्ते, आणि तिचे पाय शुभेच्छुकांच्या यादीखाली गडप. दगडातल्या बाईनं इतकी शतकं ऊन-पाऊस सोसला. फ्लेक्स पहिल्याच वावटळीत फाटला. उरलेला तुकडा कुणीतरी कडब्याच्या गंजीवर टाकला. त्यात वरचे नेतेही गेले, हे अण्णांना त्यातल्या त्यात बरं वाटलं.

मग त्यांनी गल्लीतल्या म्हातारीची वाकळ कचेरीत नेली. जुन्या लुगड्यांचे थर, त्यावर बारीक धावदोरा, कडेला लाल पट्टी. आवक-जावकच्या बाईंनी आधी विचारलं, “ही कोणत्या रजिस्टरला घेऊ?” शेवटी ‘इतर’मध्ये नोंद झाली. खिळा मारायला मात्र वरून मंजुरी लागणार होती. मंजुरी येईपर्यंत थंडी आली.

पौषात अण्णा चौकशीला गेले, तर वाकळ रात्रपाळीच्या शिपायाच्या अंगावर. अण्णा तडक म्हातारीकडं. “तुमच्या कलेचा अपमान झाला, आजी!”

“कशाचा अपमान?” म्हातारीनं सुईत दोरा ओवला. “पांघरायलाच शिवली व्हती की. ऊब लागती का त्याला, ते इचार.”

अण्णा रात्रभर विचार करत राहिले. सकाळी पुन्हा कचेरीत गेले. आता ते त्या शिपायाकडं उपयोगिता प्रमाणपत्र मागतायत, दोन प्रतींत.