खटखटे

कासारवाडीकराला आवाजाचं काही वाटत नाही. एका अंगाला पुणे-लोणावळा लोकलचे रूळ, दुसऱ्या अंगाला जुना मुंबई-पुणे रस्ता, वर मेट्रो आणि पुढे नाशिक फाट्यावर जेआरडी टाटांच्या नावाचा दुमजली पूल. इथलं पोर पाळण्यातच हॉर्नवरून गाडी ओळखायला शिकतं. अशा या कासारवाडीत एक गृहस्थ रात्री दीड वाजता पंखा बंद करून, खिडकीला गादी टेकवून, घामाने निथळत एका स्पेसबारचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करत असतो. मालगाडी गेली की पुन्हा पहिल्यापासून. सोसायटीत त्याला खटखटे म्हणतात. खरं आडनाव आता फक्त लाइटबिलावर उरलंय.

खटखटे एकच आहे असं समजू नका. दापोडीपासून चाकणपर्यंत प्रत्येक मोठ्या सोसायटीत एक तरी निघतोच. वय तिशी-पस्तिशी, शिक्षण डिप्लोमा मेकॅनिकल, नोकरी क्वालिटीत, सुट्टी गुरुवारी. बोलताना समोरच्याच्या शर्टाची बटणं एका रेषेत आहेत का, हे तो नकळत तपासत असतो.

मेकॅनिकल कीबोर्डाच्या या नादाची सुरुवात सगळ्यांची स्वस्तातच होते. ‘फक्त बावीसशेला मिळाला’ हे वाक्य त्याच्या घरात इतक्या वेळा उच्चारलं गेलंय की त्याचा चार वर्षांचा मुलगा कशाचीही किंमत बावीसशे सांगतो. स्वस्त कीबोर्डाची त्याची व्याख्याही साधी आहे: ज्याच्यावर पुढचा खर्च करायला पैसे शिल्लक राहतात, तो स्वस्त.

आपल्या ऑफिसातल्या तीनशेच्या कीबोर्डात सगळ्या बटणांखाली रबराची एकच चादर असते. मेकॅनिकलमध्ये दर बटणाखाली स्वतंत्र स्विच. निळा वाजतो, तपकिरी खाली जाताना मध्येच बोटाला एक टेंगूळ लावतो, लाल गुपचूप सरळ खाली जातो. रंगांची ही वाटणी जर्मनीच्या चेरी कंपनीची. तिने १९८० च्या दशकात एमएक्स नावाचा स्विच काढला. २०१४ च्या सुमारास पेटंट संपलं आणि गेटेरॉन, केल, आउटेमू अशा चिनी मंडळींनी तोच साचा धरला. वस्तू स्वस्त झाली आणि नाशिक फाटा ओलांडून आत आली.

पण ही वस्तू चीनमुळे आपल्याकडे आली असं म्हटलं की खटखटे दुखावतो. ‘आपल्याकडे आधीपासून होती!’ हे मात्र खरं आहे. चेन्नईच्या टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सचा ‘गोल्ड’ कीबोर्ड वर्षानुवर्षं बँकांत आणि सरकारी कचेऱ्यांत राबला. त्यात चेरीचेच निळे स्विच. परदेशातले हौशी ज्या खटखटीसाठी पैसे मोजत होते, ती आपण पासबुक भरून घेताना रांगेत उभे राहून फुकट ऐकली, आणि वर ‘आटपा की हो लवकर’ म्हणालो.

त्याच्या घरात सुतक फक्त एकदाच पाळलं गेलं. २४ नोव्हेंबर २०२० ला केंद्र सरकारने ४३ अॅपवर बंदी घातली, त्यात त्याचं सुटे भाग मागवायचं अलीएक्स्प्रेसही गेलं. आईला वाटलं, नात्यातलं कोणी गेलं. तिने कुकर न लावता नुसती पिठलं-भाकरी केली.

खरा सोहळा असतो तो वंगणाचा. ८७ बटणांचा कीबोर्ड म्हणजे ८७ स्विच. प्रत्येकाचं वरचं झाकण, खालचा डबा, मधला दांडा आणि स्प्रिंग वेगळी करायची म्हणजे जेवणाच्या टेबलावर ३४८ नग. ते ठेवायला वहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, मिसळणाचा डबा लागतो. मोहरीच्या वाटीत स्प्रिंगा, जिऱ्याच्या वाटीत दांडे. मग चित्रकलेचा शून्य नंबरचा ब्रश घेऊन क्रायटॉक्स नावाचं वंगण दर दांड्याच्या कडांना लावायचं, दिसेल न दिसेल इतकंच. हे वंगण अंतराळयानातही वापरतात, आणि इथे इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये औषधासारखं मोजून मिळतं.

वडील टेल्कोच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितलं.

‘अरे, बेअरिंगचं ग्रीस पडलंय की माळ्यावर. किलोभर.’

‘पप्पा, पेट्रोलियमचं ग्रीस प्लॅस्टिकला खातं.’

‘मग प्लॅस्टिकचं केलंस कशाला?’

यावर उत्तर नसतं. वडिलांनी मग एक दांडा उचलला, डब्यात घालून आडवा हलवून पाहिला आणि निकाल दिला, ‘क्लिअरन्स जास्त आहे. रिजेक्ट.’ खटखटे त्या रात्री झोपला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने सगळे स्विच व्हर्निअरने मोजले, आणि वडील बरोबर निघाले म्हणून नवे मागवले. बापलेकांमध्ये लग्नानंतर एवढं संभाषण पहिल्यांदाच झालं, असं वहिनी सांगतात.

मग कीबोर्डाच्या आतल्या सर्किट बोर्डाच्या पाठीवर मास्किंग टेप चिकटवायची. त्याने आवाज भरदार होतो. खटखटेच्या भाषेत ‘थॉक’ येतो. टेप कंपनीच्या पेंटशॉपमधली. आत घालायचा फोम नव्या फ्रिजच्या खोक्यातला. फ्रिजची निवड फोमवरून झाली अशी सोसायटीत वदंता आहे; मी ती खोटी मानत नाही. सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे स्पेसबार, एंटर, बॅकस्पेस आणि दोन शिफ्ट. ही लांब बटणं तिरकी होऊ नयेत म्हणून त्यांच्याखाली तार असते, आणि ती तार वाजते. खडखड, खुळखुळ. तार सरळ आहे का हे बघायला खटखटेने ती कंपनीच्या सरफेस प्लेटवर ठेवून तपासली. त्या प्लेटवर दिवसा चाकणला जाणारे नग तपासले जातात.

पितळी प्लेटचं प्रकरण तर भोसरीत अजून सांगतात. स्विच ज्या पत्र्यात बसतात तो दीड मिलिमीटरचा, त्याला १४ मिलिमीटरचे चौकोन, आणि एका चौकोनाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत बरोबर १९.०५. ड्रॉइंग घेऊन स्वारी जे ब्लॉकमधल्या लेझर कटिंगवाल्या मित्राकडे गेली.

‘किती नग?’

‘एक.’

मित्राने चहा मागवला. एवढ्यावरून खटखटेने ओळखायला हवं होतं. प्लेट झाली. ऑपरेटर तिच्याकडे बघून म्हणाला, ‘साहेब, जाळी छान आहे. मोरीला का?’

आता एवढ्या तयारीच्या कीबोर्डावर खटखटे काय टाइप करतो? ऑफिसचे रिपोर्ट कंपनीच्या रबरी कीबोर्डावर होतात. बाकी पत्रव्यवहार व्हॉट्सअॅपवर, एका अंगठ्याने. घरच्या कीबोर्डावर आजवर रजेचा एक अर्ज लिहिला गेला, तोही नवे स्विच बसवायला रजा हवी म्हणून. टायपिंग येतं ते वहिनींना. लग्नाआधी त्यांनी इन्स्टिट्यूटमध्ये जुन्या यंत्रावर बसून मराठी ३० ची परीक्षा दिली होती. हल्ली एका वकिलांकडे नोटिसा टाइप करतात. एकदा त्याने मोठ्या कौतुकाने त्यांना पितळी प्लेटवर बसवलं. अक्षरं मराठीत छापलेली नव्हती, पण बाईंनी खाली बघितलंसुद्धा नाही. पान संपलं तेव्हा तो हात जोडल्यासारखा उभा होता.

‘कसा वाटला?’

‘बरा आहे. पण बटण लागलं की नाही ते कळत नाही. आवाज कुठेय?’

आवाज काढून टाकायला त्याचे अकरा हजार गेले होते.

गुरुवारी कारखाने बंद, म्हणून यांचा मेळावा गुरुवारी. फाट्याजवळच्या अमृततुल्यात चार-पाच जण पाठीवरच्या सॅकमधून कीबोर्ड काढतात, डोळे मिटून एकमेकांची बटणं दाबतात आणि ‘क्रीमी आहे’, ‘नाही, जरा क्लॅकी’ अशी दाद देतात. चहावाल्याला बरेच दिवस वाटत होतं, ही बिलिंग मशीन विकणारी पोरं आहेत. त्याने एकदा भाव विचारला. उत्तर ऐकून तो उधारीची वही हातानेच लिहायची असं ठरवून मोकळा झाला.

हसायला येतं, पण एक गोष्ट मी पाहिली आहे. दिवसभर हा माणूस दोन शतांश मिलिमीटरसाठी नग परत पाठवतो. पास केलेला नग कुठल्या गाडीत बसला, कोणाच्या दारात उभा आहे, हे त्याला कधी कळत नाही. घरी तो एक बटण दाबतो आणि ते तिथल्या तिथे उत्तर देतं.

शिवाय त्याचा उपयोग आहे. सोसायटीतल्या क्लासचा कीबोर्ड एकदा ‘क’ दाबला की ‘ककक’ उमटवायला लागला. ‘सूचना’ फलकावर ‘कककृपया चपला बाहेर काढा’ अशी छापील तोतरी विनंती लागली. आतल्या पात्या मळल्या की असं होतं. खटखटेने डीसोल्डरिंग पंप काढला, शिसं ओढून घेतलं, स्विच उपसला. सर्किट बोर्डावरचा ट्रॅकही बरोबर उखडून आला. तिथे केसाएवढी तार जोडून त्याने तो जिवंत केला. काम रात्री अडीचला संपलं. पैसे विचारले तर म्हणाला, ‘जुना स्विच मला ठेवू द्या.’ कोपऱ्यावरच्या पतसंस्थेचे तीन कीबोर्ड त्याने याच दराने दुरुस्त केलेत, आणि त्या बदल्यात तिथल्या कॅशियरच्या खुर्चीत बसून पंधरा मिनिटं निळे स्विच वाजवायची परवानगी मिळवली आहे.

तेव्हा विनंती अशी. तुमच्या माळ्यावर, बंद पडलेल्या सायबर कॅफेत किंवा वडिलांच्या जुन्या ऑफिसच्या कपाटात जाड, जड, पिवळा पडलेला कीबोर्ड असेल तर तो भंगारवाल्याला किलोवर घालू नका. आधी एक बटण दाबून बघा. खट्ट वाजलं तर कासारवाडी स्टेशनला उतरा आणि कोणालाही खटखटे कुठे राहतो ते विचारा. फक्त गुरुवारी या, आणि वहिनींसमोर किंमत काढू नका.